नाव ठेवायला गेले आणि नावं ठेवून घेतली: ओरुम लोकांच्या नऊ खुंट्यांची केस

आधी शेवट सांगून टाकते. चौथ्या सेशनला आमच्या प्लेअर्सनी एका निर्दोष नावाड्याला पंचांसमोर उभं केलं, त्याच्या घराची होडी जप्त करवली आणि पुढचे दोन आठवडे केस सॉल्व्ह झाली म्हणून सगळे खूश होते. मग मी खरं काय घडलं ते सांगितलं आणि हॉलमध्ये चाळीस मिनिटं भांडण झालं. चूक माझी होती. एका काल्पनिक समाजासाठी नाव ठेवायच्या प्रथा बनवायला बसले होते, शेवटी सगळ्यांनी मलाच नावं ठेवली. फँटसी जग बनवणारे बरेच जण ह्याच जागी आपटतात म्हणून जसं झालं तसं लिहून ठेवतेय.

खेळ म्हणजे टेबलटॉप रोलप्लेइंग. डंजन्स अँड ड्रॅगन्स 1974 ला आलं तेव्हापासून लोक खेळतायत त्यातलाच प्रकार, फक्त नियम आम्ही घरचे घालून घेतलेत. एक जण जग सांभाळतो, त्याला डीएम म्हणतात, ती मी. बाकी प्रत्येकाचं एकेक कॅरेक्टर. प्लेअर चार. माझी भाची, भावाची मुलगी, सतरा वर्षांची (हिच्या बारशाला पाळण्याशी वाकून कानात कुर्रर्र मीच केलेलं, त्यामुळे नावाच्या विषयात ती माझ्यावर हक्काने ओरडते). बँकेत लोनचं काम बघणारा मित्र, त्याला बँकवाला म्हणू. त्याची बायको डेंटिस्ट, म्हणून डॉक्टर. आणि ऑफिसातला एक ज्युनिअर, बोलतो कमी पण नोट्स घेतो. ह्या नोट्स पुढे लागणारेत. रविवारी दुपारी तीन, जेवणाची ताटं उचलली की तेच टेबल.

आता ओरुम लोक. खाडीत राहतात, खांबांवर लाकडी घरं, खाली भरती-ओहोटी, धंदा मीठ आणि मासळी. नावांचा माझा पहिला ड्राफ्ट भयंकर होता, जिकडे तिकडे अॅपॉस्ट्रॉफी, उगाच क्ष आणि झ. भाचीने एक नाव मोठ्यांदा वाचून दाखवलं आणि विचारलं, "आत्या, हे नाव आहे का वायफायचा पासवर्ड?" सगळं फाडलं. मग एकच साधी गोष्ट केली, ट ठ ड ढ ण आणि ळ काढून टाकले. ही अक्षरं आपल्या कानात इतकी मुरलेली आहेत की ती नसली की नाव आपोआप परकं वाटतं, आणि तरी जिभेला त्रास होत नाही. हिवेल, ओशा, तेरूम, सालिव, मेहू. नावं बनवायला दहा मिनिटं लागली. नावांचे नियम बनवायला तीन आठवडे, आणि माती झाली ती नियमांत.

वहीत अकरा पानं भरली होती. त्याचा सार असा. ओरुम घराच्या दाराशी एक फळी असते, फळीला नऊ खुंट्या, प्रत्येक खुंटीला लाकडी बिल्ला, बिल्ल्यावर एक नाव कोरलेलं. त्या घराला नावं नऊच, पिढ्यान् पिढ्या तीच. माणूस गेला की त्याचा बिल्ला उलटा करायचा, तोंड भिंतीकडे. त्या दिवसापासून पुढच्या वर्षीच्या त्याच भरतीपर्यंत ते नाव गावात कुणीही उच्चारायचं नाही, नाव 'बुडालेलं' असतं. वर्ष झालं की घरात येणाऱ्या बाळाला ते देता येतं, बिल्ला सुलटा होतो. तिसरा नियम, घरातल्या मोठ्याचं नाव लहानाने घ्यायचं नाही आणि नवरा-बायकोने एकमेकांचं घ्यायचं नाही. (दोघांनीही. फक्त बायकोने घ्यायचं नाही असं मी आधी लिहिलं होतं, डॉक्टरने वही ओढून घेऊन खोडलं.)

नऊच नावं कशी पुरणार हा प्रश्न पहिल्याच दिवशी आला. पण खरी उदाहरणं ह्याहून कडक आहेत. बालीत पहिलं मूल वायान, दुसरं मादे, तिसरं न्योमान, चौथं केतुत, आणि पाचवं झालं की परत वायान. चारात गाडी चालते. घानातल्या अकान लोकांत जन्मवारावरून नाव, कोफी अन्नान मधला कोफी म्हणजे शुक्रवारी जन्मलेला, आणि त्यांच्या नावात अत्ता असंही होतं, म्हणजे जुळ्यांपैकी एक. नावातच अर्धी पत्रिका. तशी पत्रिका तर आपल्याकडेही आहे, 27 नक्षत्रं, प्रत्येकाचे 4 चरण, म्हणून 108 अक्षरं, अश्विनीवर जन्म असेल तर चू चे चो ला मधलं एक घ्या. पण ते नावरस नाव पत्रिकेत पडून राहतं आणि हाक मारतात भलतीच. मला भरती-ओहोटीवरून नावं ठेवायचा फार मोह झाला होता. दिसायला सुंदर, पण त्यातून गोष्ट पुढे जात नव्हती. खुंट्यांतून जात होती. निदान मला तसं वाटत होतं.

खुंट्या कुठून आल्या ते उघड आहे, आजोबांचं नाव नातवाला ही आपलीच रीत. बुडालेलं नाव मी मध्य ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींकडून घेतलं, तिथे गेलेल्या माणसाचं नाव बराच काळ तोंडात आणत नाहीत. आणि तिसरा नियम आजीकडून. म्हणजे तीन वेगवेगळ्या ठिकाणचे तीन नियम, प्रत्येक आपापल्या जागी वर्षानुवर्षं चाललेला, मी ते एका गावात आणून ठेवले आणि समजले की संस्कृती झाली.

आता त्या रविवारचं. गावातला एक नावाडी मेलेला, होडी उलटी सापडलेली, प्रेत नाही. त्याचं नाव हिवेल. आणि समोरच्या घरात अजून एक हिवेल, जिवंत, त्याचा भाऊ सालिव. दोन घरांत एकच नाव कसं, तर माझा आळस, दुसऱ्या घराच्या खुंट्या भरताना तीन नावं पहिल्या घराचीच टाकली होती, कोण बघतंय म्हणून. प्लेअर्स गेले विधवेकडे. तिचं नाव ओशा. ओशा मीच बोलत होते. ज्युनिअरने विचारलं, "समोरच्या घरातले दोघं भाऊ त्या रात्री कुठे होते?"

मी, म्हणजे ओशा, म्हणाले, "मला काय ठाऊक. ते होडी घेऊन गेले. धुकं होतं. मी नको म्हटलेलं."

बस, एवढंच. माझ्या डोक्यात हे 'ते' म्हणजे तिचा नवरा. दुसरं कोण असणार? नवरा म्हणून नाव घेता येत नाही आणि मेलेला म्हणूनही घेता येत नाही, बिचारीला दोन्हीकडून कुलूप, मग मराठीतली कुठलीही जुन्या वळणाची बाई म्हणेल तेच ती म्हणाली. पण प्रश्न होता दोन भावांचा. टेबलावरच्या चौघांनी ऐकलं, ते म्हणजे ते दोघं. ज्युनिअरची वही मी नंतर बघितली, तिथे स्वच्छ लिहिलंय, 'ते (दोघं भाऊ) होडी घेऊन गेले, हिचा विरोध', आणि खाली दोन रेघा.

आदराचं एकवचन आणि साधं अनेकवचन मराठीत एकाच रूपाचं, हे आपल्याला रोजच्या बोलण्यात कधी खुपत नाही कारण नाव कुठे ना कुठे येऊन गेलेलं असतं. नाव काढून घेतलं की 'ते' नुसताच हवेत राहतो.

डॉक्टरने विचारलं, "ते म्हणजे कोण? नाव सांगा." मी काहीच न बोलता उलट्या बिल्ल्याकडे बघितलं. मला वाटलं काय अॅक्टिंग केलीय! त्यांना वाटलं बाई घाबरलीय, कुणाचं तरी नाव घ्यायला भितेय. आणि मग वरून कहर. धक्क्यावरची मासेवाली, तीही मीच, तिच्या तोंडून निघून गेलं, "हिवेलची होडी उलटी सापडली ना." मेलेल्याचं नाव मी स्वतः गावात उच्चारलं. पण गावात हिवेल नाव लिहिलेला सुलटा बिल्ला एकच दिसत होता, समोरच्या घरात. पुढचं गणित सोपं होतं. हिवेल आणि सालिव होडी घेऊन गेले, विधवा त्यांना घाबरते, होडी हिवेलची. बँकवाल्याने पंचांसमोर भाषण केलं, फासे चांगले पडले, आणि पंचांनी, म्हणजे नाइलाजाने मी, त्या घराची होडी जप्त केली. मधेच थांबवून सांगायला हवं होतं का? कदाचित. पण ते इतके रंगात आले होते.

खरं काय होतं तर खून नव्हताच. माणूस रात्री चोरून मीठ विकायला एकटा निघाला, धुक्यात बुडाला. हे मी दोन आठवड्यांनी सांगितलं आणि मग जे काही झालं!

भाची पहिली. "आत्या, हे चीटिंग आहे. नाव घेऊ देत नाहीस पण तूच, आणि ओळखा कोण म्हणतेस पण तूच." डॉक्टर म्हणाली ते जाऊ दे, मासेवालीने बुडालेलं नाव घेतलं, तिला शिक्षा काय? मी वही उघडली. अकरा पानांत शिक्षा कुठेच नव्हती. नियम होता, मोडला तर काय ह्याची एक ओळ नाही. आणि मग बँकवाला, जो इतका वेळ पोह्यांची प्लेट घेऊन शांत होता, त्याने प्लेट खाली ठेवली.

"मला फक्त एक सांग. हा जो मेला, त्याच्यावर कर्ज असेल तर वर्षभर ते कुणाच्या नावावर? नावच नाहीये ना."

आणि मग त्याचं रोजचं दुःख बाहेर आलं. काना-मात्रा इकडची तिकडे झाली की केवायसी अडकते, बायकांच्या फायली तर बघूच नका, पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, सातबाऱ्यावर आजीने ठेवलेलं घरचंच, आणि तिन्ही एकच बाई हे सिद्ध करायला चौथा कागद. त्याचं म्हणणं असं की नाव हे आधी हाक मारायला असतं हे ठीक आहे, पण गावात उधारी सुरू झाली की नावाला दुसरं काम लागतं, ते काम तुझ्या ओरुम लोकांत कोण करतं ते दाखव. मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं सगळ्या भांडणातला सगळ्यात कामाचा प्रश्न तोच होता.

(ह्याचं खरं उदाहरण मंगोलिया. 1920 च्या दशकात तिथे कुळाची नावं वापरणं बंद केलं, फक्त बापाचं नाव आणि स्वतःचं. 1990 च्या दशकात सरकार म्हणालं परत कुळाची नावं घ्या, माणसं ओळखायला पंचाईत होतेय. तर ढिगाने लोकांनी चंगीझखानाचं बोर्जिगिन हेच कुळ लावून घेतलं, ओळखायची पंचाईत होती तिथेच. त्यांचा पहिला अंतराळवीर गुर्रागचा, जो 1981 ला अवकाशात गेला, त्याने मात्र नाव घेतलं सान्सार, म्हणजे अवकाश. शब्द मुळात आपलाच, संसार. इथे संसार म्हटलं की कुकर आणि ईएमआय, आणि तिकडे अख्खं अंतराळ.)

भांडण निवल्यावर कुठे चुकलं ते बघायला बसले. पहिल्यांदा वाटलं एकच नाव दोन घरांत टाकलं ही चूक. ती होतीच, पण वरवरची. खऱ्या गावांत एकाच नावाचे दहा-दहा लोक असतातच की, आमच्या वाडीत एकाच पहिल्या नावाचे चार जण होते, त्यांना लोक धंद्यावरून, घराच्या जागेवरून, एकाला तर त्याच्या सायकलीवरून ओळखायचे. खरी चूक ही की मी बंदी लिहिली आणि पळवाट लिहिली नाही. नावावरची बंदी जिथे खरोखर पाळली जाते तिथे तिच्या शेजारीच तिची पळवाट असते, आणि ती पळवाट लोकांना बंदीपेक्षाही तोंडपाठ असते.

माझी आजीच घ्या. आजोबांचं नाव एका मराठी महिन्याचं होतं. आजी तो महिना 'आषाढ संपला की येतो तो' असा सांगायची, सणवार सगळे त्याच महिन्यात, तरी आयुष्यभर. नागपंचमी कधी? आषाढ संपला की येतो त्यात. (मीही इथे नाव लिहिलेलं नाही बघा, हात वळत नाही.) हाक मारायची तर 'अहो', दुसऱ्याशी बोलताना 'हे' किंवा 'इकडची स्वारी', पोरांची नावं पुढे करून 'अमक्याचे बाबा'. आणि हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला उखाणा घ्यायची वेळ आली की तेच नाव, स्वच्छ, खणखणीत, यमकात बसवून. वर्षभर मिटलेलं तोंड तेवढ्यापुरतं उघडायला सगळ्यांची परवानगी. उखाणा म्हणजे मला वाटतं जगातली सगळ्यात देखणी पळवाट असेल.

पण माझ्या डोक्यात बसलेला प्रसंग वेगळाच आहे. मी सहा वर्षांची असेन, रेशनच्या रांगेत आजीबरोबर. खिडकीतल्या माणसाने विचारलं, कार्ड कुणाच्या नावावर? आजीने माझ्या पाठीला कोपर लावलं. "सांग गं." आणि मी खिडकीच्या कट्ट्यापर्यंतसुद्धा पोचत नव्हते, टाचा उंच करून आजोबांचं पूर्ण नाव ओरडून सांगितलं. मागची माणसं हसली. आजी इतक्या समाधानाने बघत होती जसं काही अवघड काम पार पडलं. मी नाव घेतलं तर चालतं, तिने घेतलं तर नाही, ह्यात तिला काहीच विचित्र वाटत नव्हतं.

हे मी टेबलावर सांगितलं आणि भाची एकदम म्हणाली, "मग ओरुमांत पण पोरंच सांगतील ना."

तिथून पुढचं अर्ध तिनेच बनवलं. पण त्याआधी जगात लोक काय करतात ते थोडं वाचून काढलं, आणि ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत मी स्वतःवरच चिडले. वार्लपिरी वगैरे मध्य ऑस्ट्रेलियातल्या लोकांत माणूस गेला की त्याच नावाच्या जिवंत माणसालासुद्धा ते नाव सोडावं लागतं, त्याला त्या काळात 'कुमांजाई' म्हणतात, ज्याचं नाव घ्यायचं नाही त्याच्यासाठीचा ठरलेला शब्द. म्हणजे माझी नेमकी अडचण, मेलेला एक हिवेल आणि जिवंत एक हिवेल, त्यांनी कधीच सोडवून ठेवलेली होती. मी प्रथेचा एवढासा तुकडा उचलला, बरोबरचा तुकडा तिथेच ठेवून आले.

चीनमध्ये सम्राटाच्या नावातली अक्षरं प्रजेने वापरायची नाहीत असा नियम. हान घराण्यातल्या श्वान सम्राटाचं नाव होतं बिंगयी, दोन्ही अक्षरं रोजच्या वापरातली, लोक चुकून लिहायचे आणि गुन्हा व्हायचा. तर ख्रिस्तपूर्व 64 मध्ये त्याने स्वतःचंच नाव बदलून सहसा न लागणारं एक अक्षर घेतलं. झुलू आणि खोसा लोकांत लग्न झालेली बाई सासऱ्याच्या नावातले उच्चारच टाळते, त्याला हलोनिफा म्हणतात, मग नेहमीच्या शब्दांना बदली शब्द तयार करावे लागतात. बऱ्याच भाषातज्ज्ञांचं म्हणणं असं की शेजारच्या खोइसान भाषांतले जिभेच्या टिचकीचे आवाज ह्या भाषांत शिरले त्यात ह्या प्रथेचा मोठा हात आहे, कारण बदली शब्दांसाठी परके आवाज सोयीचे पडले. सुनांनी सासऱ्याचं नाव टाळता टाळता भाषेचे आवाज बदलले, म्हणजे काय ताकद असेल बघा.

आणि आपल्याकडे? आजोबांचं नाव नातवाला द्यायचं हा एक नियम. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही हा दुसरा. आता ती स्वतःच्या पोराला हाक कशी मारणार? म्हणून बाळ, बंडू, नाना, बापू, आबा. पाळण्यातलं नाव कागदावर आणि घरचं नाव तोंडात. लोकमान्य टिळकांचं नाव केशव होतं, राहिलं काय तर बाळ. मला ह्यातली गंमत ही वाटते की घरची नावं पाडा असा नियम कुणी केलेला नाही. दोन नियम एकमेकांवर आदळले आणि मधल्या फटीतून बंडू बाहेर आला. मी अकरा पानांत तीन नियम लिहिले होते, पण ते एकमेकांवर आदळले की काय होतं ते एकदाही करून बघितलं नव्हतं. ते प्लेअर्सनी बघितलं, माझ्या खर्चाने.

तर दुरुस्ती. जिवंत माणसाचं नाव बुडालं तर वर्षभर त्याला 'वोल' म्हणायचं, गावात एकावेळी दोन-तीन वोल असू शकतात, मग वरचा वोल, मिठागराचा वोल असं. बुडालेलं नाव कुणी घेतलं तर दंड, एक दिवस त्या घराच्या होडीतलं पाणी उपसून द्यायचं, आणि तेसुद्धा गप्प राहून. आणि भाचीचा नियम, दुधाचा पहिला दात पडेपर्यंत पोराला कुठलंही नाव घेता येतं, मेलेल्याचं, राजाचं, सासऱ्याचं, कुणाचंही. त्यामुळे ओरुम पंचायतीत एक पोरगं लागतंच. साक्षीदार बोट दाखवणार, खुणेने सांगणार, आणि पोरगं नाव उच्चारणार. त्याला म्हणायचं नावसांग्या. डॉक्टरने लगेच विचारलं पहिला दात कितव्या वर्षी पडतो माहितीये का, साधारण सहाव्या, म्हणजे बोलता येतं तिथून धरली तर पोराची नोकरी तीनेक वर्षांची. तिने एकदम डेंटल मत दिलं आणि ते जसंच्या तसं नियमात गेलं.

मग फेरसुनावणी, सहावं सेशन. ह्यात मला वाटलं त्यापेक्षा भारी झालं. ज्युनिअर, जो कधी बोलत नाही, त्याने जुन्या नोट्स काढल्या आणि म्हणाला नव्या नियमाने बघितलं तर त्या दिवशी पंचांसमोर हिवेल नावाचा माणूसच नव्हता, तो वोल होता, म्हणजे आपण जी तक्रार केली ती बुडालेलं नाव घेऊन केली, म्हणजे तक्रारच बाद, आणि दंड आपल्याला. स्वतःच्याच पार्टीला त्याने अडकवलं. चौघांच्या कॅरेक्टर्सनी एक दिवस त्या होडीतलं पाणी उपसलं, मी मुद्दाम पंधरा मिनिटं कुणालाही बोलू दिलं नाही, नुसते फासे टाकत बसले होते. होडी परत मिळाली.

नावसांग्याचा गैरवापर पण झाला, होणारच होता. पुढच्याच भानगडीत बँकवाल्याच्या कॅरेक्टरने पाच वर्षांच्या पोराला गुळाचा खडा देऊन चुकीचं नाव सांगायला लावलं. पोराने गूळ खाल्ला आणि पंचांसमोर गूळ देणाऱ्याचंच नाव सांगितलं. हे मी ठरवलं नव्हतं, फासा एकचा पडला.

राहिला कर्जाचा प्रश्न. त्याचं उत्तर शेवटी असं ठरलं की ओरुमांत कर्ज माणसावर नसतंच, खुंटीवर असतं. बिल्ल्याच्या मागे खाचा, एक खाच म्हणजे एक माप मीठ. माणूस गेला, बिल्ला उलटा झाला की त्या खाचा सगळ्या गावाला दिसतात, नाव दिसत नाही पण देणं दिसतं. आणि वर्षाने ज्या बाळाला ते नाव मिळेल त्याला देण्यासकट मिळतं. हे ठरवल्यावर टेबलावर थोडा वेळ शांतता होती. कारण मग पुढचं आपोआप सुचतं, की काही नावं कुणालाच नको असणार, आणि घरातल्या ज्या पोराची बाजू घेणारं कुणी नाही त्याच्या गळ्यात ते पडणार. मोठ्यांच्या हिशोबाचं ओझं पोराच्या नावात बांधायची सवय काल्पनिक लोकांनाच असते असं नाही. नजर लागू नये म्हणून धोंडू, दगडू, केरू हे एक, मंगोलियातही तसंच, नेरग्वी म्हणजे 'नाव नाही', एनेबिश म्हणजे 'हा तो नाही', भुताखेतांना फसवायला. त्यात निदान माया असते. पण मुलगी नको होती म्हणून तिचं नावच नकोशी, 2011 ला साताऱ्यात अशा 285 मुलींनी कार्यक्रमात नवीन नावं घेतली, त्यातल्या कितीतरी मुलींनी स्वतःचं नाव स्वतः निवडलं. भाचीला हे माहीत नव्हतं. ती बराच वेळ फोनवर तेच वाचत बसली, मग म्हणाली ओरुमांत पण बिल्ला परत करायची सोय ठेव. कशी ते अजून ठरलं नाही. मी म्हटलं दात पडल्यावर पहिलं नाव स्वतःचं घ्यायचं, आवडलं नाही तर तिथेच सोडायचं. बँकवाला म्हणतो मग सगळेच सोडतील, वसुली कोण करणार. वाद चालूय.

आणि हो, लग्नात नाव बदलायचं का हा विषय आला तेव्हा मी हात वर केले. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवीन नाव लिहायचं, दिसायला किती गोड विधी. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना, रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. दोन यमुना दोन ताटांत पुसल्या गेल्या. ओरुमांत लग्नाने खुंटी बदलत नाही, हा एक नियम मी कुणालाही न विचारता लिहिला.

सध्याची स्थिती अशी. खेळातलं वर्ष येत्या रविवारी संपतंय. त्या मेलेल्या नावाड्याचा बिल्ला सुलटा व्हायची भरती आलीय, मागे चाळीस खाचा आहेत, चोरून मीठ विकायला का निघाला होता ते आता कळतं. ओशाच्या घरात बाळ एकही नाही. समोरचा वोल परत हिवेल होणार म्हणून त्याला घाई झालीय. आणि ह्यात बँकवाल्याच्या कॅरेक्टरला परवाच मुलगा झालाय, बाहेरून आलेला माणूस, दाराशी खुंट्या नाहीत, तर ओशाने निरोप पाठवला की आमचं नाव घ्याल का, खुंटीसकट देऊ. मी हे सांगितलं आणि सगळे त्याच्याकडे बघायला लागले, मला वाटलं आता काहीतरी हळवं बोलेल. त्याने पेन उघडलं आणि विचारलं, "व्याज सरळ का चक्रवाढ?"